बेल वाजवू नये

धाकटीला प्रचाराच्या कचेरीत नोकरी लागली, हे थोरलीला घरातल्या कुणी सांगितलं नाही. ते गिऱ्हाइकाकडून कळलं. नवऱ्याची पँट आखूड करून घ्यायला आलेली एक बाई बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंना हल्ली न्यायला गाडी येते म्हणे!" थोरलीच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून बरं. नुसतं "हं" करून भागलं.

घर दुमजली होतं. खाली थोरली, तिचा बस चालवणारा नवरा आणि पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान. वर तिचा दीर, जो फ्रिज दुरुस्त करायचा, आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी. जिना एक, पाण्याची टाकी एक, दारावरची पत्रपेटीसुद्धा एकच. बारा वर्षांत दोघी जावांचं एकदाही कडाक्याचं वाजलं नव्हतं. सगळ्या गल्लीत त्यांचा दाखला द्यायचे लोक. पण भांडण न होणं वेगळं आणि पोटात न दुखणं वेगळं.

दुखायचं कारण साधं होतं. निवडणुका हे थोरलीचं क्षेत्र होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांची अख्खी गल्ली पाडून तिथं मनोरे उठवायचा घाट घातला गेला, तेव्हा वकीलबाईंनी एक पैसा न घेता खटला लढवला आणि गल्ली वाचवली. पुढं त्या शहराच्या सभेसाठी निवडणुकीला उभ्या राहिल्या, तशी थोरली शिलाई मशीनवर झाकण टाकून त्यांच्यामागं निघाली. तेव्हापासून दर निवडणुकीत महिनाभर ती दारोदार फिरायची. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. पण रस्त्यानं जाताना दहा खिडक्यांतून हाक यायची, "ताई, या खेपेला वकीलबाई का पुन्हा?" आणि ती ऐटीत मान हलवायची. तिच्या आयुष्यात ऐट करायला तेवढी एकच गोष्ट होती.

या खेपेला वकीलबाईंच्या समोर सिमेंटवाला उभा होता. शहरातले निम्मे पूल त्याच्या सिमेंटचे. मतांच्या राजकारणात पहिल्यांदाच उतरला होता, पण उतरला तो गाजावाजा करत. दर चौकात सिनेमाच्या पडद्याएवढा पडदा लागला, त्यावर त्याचं हसरं तोंड सकाळपासून उजळायचं. निळी जॅकेटं घातलेली पगारी पोरं-पोरी गल्ल्यांतून फिरू लागली. माणसांना त्याच्या आवाजातले फोन यायला लागले, तेही नावानिशी. आणि वकीलबाईंकडे काय, तर त्यांच्या जुन्या ऑफिसातलं एक झेरॉक्सचं मशीन, जे दर दहाव्या कागदाला घास अडकल्यासारखं थांबायचं.

या अशा सिमेंटवाल्याकडे धाकटी नोकरीला लागली होती.

एकदा सकाळी ती जिना उतरून दुकानात आली. हातात निळं जॅकेट.

"ताई, जरा कमरेत बसवून द्याल? सगळ्यांना एकाच मापाची दिलीयेत हो. पोतं घातल्यासारखं वाटतं."

"ठेव तिथं," थोरली म्हणाली. मग राहवलं नाही. "मला सांगायचंस तरी. बाहेरच्यांकडून कळलं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." धाकटी चाचरली. "नोकरी आहे हो ताई, एवढंच. मला कुठं राजकारण कळतं? तुमच्या भावजींचं काम सध्या कमी झालंय, तुम्ही बघताच आहात."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच थोरलीला जास्त झोंबलं. धाकटी गेल्यावर तिनं जॅकेट उलटं केलं. आतलं अस्तर असं गुळगुळीत, की बोट फिरवलं तर फिरतच राहावं. असलं कापड तिनं गिऱ्हाइकांसाठी शिवलं होतं, स्वतःसाठी कधी घेतलं नव्हतं. दोन्ही कुशींना टाके घालून झाल्यावर तिनं दाराला कडी लावली, आणि ते जॅकेट अंगात चढवून आरशासमोर उभी राहिली. धाकटीच्या मापाचं केलेलं. बटणं लागेनात. तिनं ते चटकन काढलं, घडी केली, आणि दिवसभर सगळ्यांशी तुटक बोलली.

तरीही एवढ्यावर ते निभावलं असतं. पण दोन दिवसांनी वकीलबाईंच्या ऑफिसात पत्रकांच्या घड्या घालताना वकीलबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "तुझी जाऊ काल बाजारात भेटली गं. काय तयारीची झालीये! कुठल्या घरात किती मतं, सगळं तोंडपाठ. अशी एक आपल्याकडे असती ना, तर यांना पळता भुई थोडी केली असती."

थोरलीच्या हातातली घडी वाकडी पडली. पंधरा वर्षं हाडांची काडं केली ती कुणी? उन्हातान्हात चार-चार मजले चढून गेलं कोण? "तयारीची" हा शब्द वकीलबाईंनी तिच्यासाठी एकदाही काढला नव्हता. ती तर घरचीच होती, आणि घरच्याचं कौतुक कोण करतं!

तिच्याकडे तीन वह्या होत्या, जाड पुठ्ठ्याच्या. भागातलं एकेक घर त्यात होतं. कोण मत कुणाला देतं, याचा रकानाच नव्हता. वकीलबाईंनीच तशी शिस्त घालून दिली होती, की आधी माणूस कळू दे, मताचं मागाहून. म्हणून नोंदी होत्या त्या अशा: दुपारी बेल वाजवू नये, बाळ झोपतं. आजोबांशी डाव्या बाजूनं बोलावं, उजवा कान गेलाय. मुलाचा विषय काढू नये, घर सोडून गेला. आणि घड्याळवाले काका म्हणून एक म्हातारे होते, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले, त्यांच्या घरापुढं लिहिलेलं होतं: काकूंना विसरायला होतं, माणसं ओळखत नाहीत. आपण ओळख दाखवायची घाई करू नये, घाबरतात. काकांनी हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

कुणाला दुखवू नये म्हणून लिहिलेल्या या वह्या. त्याच तिनं दुसऱ्या दिवशी पिशवीत घातल्या आणि सिमेंटवाल्याच्या कचेरीत गेली.

आपण हे का करतोय, हे तिनं स्वतःला नीट विचारलंच नाही. धाकटी आदल्या दिवशी जिन्यात दिराला सांगत होती, तेवढं मात्र तिनं ऐकलं होतं: "आमच्या साहेबांकडे याद्या आहेत, यंत्रं आहेत, पण घरांच्या आत काय चाललंय ते काही कळत नाही." थोरलीला एवढंच हवं होतं, की त्या काचेच्या कचेरीत कुणीतरी म्हणावं, ही खरी जाणकार. आणि ते धाकटीच्या देखत म्हणावं.

कचेरी सहाव्या मजल्यावर होती. रांगेनं टेबलं, टेबलांवर कानाला यंत्रं लावलेली तरुण माणसं, आणि सगळ्यांचं एकाच वेळी चाललेलं गोड बोलणं. प्रचाराचा प्रमुख बाहेरगावाहून आणलेला होता. पांढरेशुभ्र बूट घालायचा, म्हणून सगळे त्याला मागं बूटसाहेब म्हणायचे. त्यानं पहिली वही उघडली, दोन पानं वाचली, आणि उभा होता तो खाली बसला.

"मॅडम," तो म्हणाला, "हे सोनं आहे."

तिला आजवर मॅडम कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं कॉफी मागवली. धाकटीला बोलावून घेतलं. "अहो, घरात असं माणूस असताना तुम्ही बोलला नाहीत?" धाकटीनं वह्यांकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरलीनं कॉफीचा घोट घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा तिला आपण वरच्या मजल्यावर आणि धाकटी खालच्या, असं वाटलं.

ते वाटणं वीस मिनिटं टिकलं. कारण वीस मिनिटांत एका मुलीनं तिन्ही वह्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि वह्या परत आणून दिल्या. बूटसाहेबाला तोवर फोन आला होता. त्यानं फोनवर हात ठेवून म्हटलं, "नंबर ठेवून जा, कळवतो." थोरली लिफ्टपाशी आली तेव्हा पिशवी जेवढी जड आणली होती तेवढीच जड होती.

तिला काही कोणी कळवलं नाही. कळलं ते धाकटीचं: तिला घरोघरच्या कामाची आणि चौकांतल्या पडद्यांची प्रमुख केलं, वेगळी खोली दिली. दीर खाली येऊन मोठ्या खुशीत म्हणाला, "वहिनी, तुमच्यामुळं झालं म्हणे!" थोरली म्हणाली, "छान झालं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आपणच पायरी झालो, आणि आपल्यावर पाय देऊन ती वर गेली.

पुढचा आठवडा ती वकीलबाईंसाठी नेहमीसारखी फिरली, पण दारं नेहमीसारखी उघडत नव्हती. बाळवाल्या घरी दुधाच्या पावडरीचे डबे पोहोचले होते, त्यावर सिमेंटवाल्याचा फोटो. उजवा कान गेलेल्या आजोबांना कानाचं यंत्र मिळालं होतं. ज्या बाईचा मुलगा निघून गेला होता, तिला सिमेंटवाल्याच्या आवाजात फोन आला होता, की आई, मुलं घर सोडून का जातात हे मला ठाऊक आहे. ती बाई हे सांगताना रडत होती, आणि त्या माणसाला देवमाणूस म्हणत होती. थोरली दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातल्या वकीलबाईंच्या पत्रकाची शाई अंगठ्याला लागली होती.

"एवढा मोठा माणूस, त्याला कसं कळलं हो माझ्या मनातलं?" बाईनं विचारलं.

थोरलीनं अंगठा पिशवीला पुसला आणि जिना उतरायला लागली.

मतदानाला चार दिवस उरले असताना घड्याळवाले काका दुकानात आले. कोटाचं अस्तर फाटलं होतं. त्यांनी कोट टेबलावर ठेवला, पण नेहमीसारखे बसले नाहीत.

"ताई, चौकात गेला होता का?"

"नाही. का हो?"

"जाऊन या," ते म्हणाले. मग तेच सांगू लागले. सिमेंटवाला स्वतः घरी आला होता. सोबत फुलं, एक नर्स आणि कॅमेरेवाले. काकूंना दिवसा सांभाळणारं केंद्र काढतो, पहिली खाट तुमची, म्हणाला. एका कागदावर सही घेतली. काकांना काही सुधरलंच नव्हतं. "आणि ती हसली हो त्याच्याकडे बघून. दोन वर्षांत माझ्याकडे बघून हसली नाही. मी रोज तिचे केस विंचरतो. हा परका माणूस फुलं घेऊन येतो काय, आणि ती हसते काय. मला ना, त्याचा हेवा वाटला. या वयात! लाज वाटते सांगायला."

थोरली कोटाची शिवण बोटांनी चाचपत राहिली.

"ते जाऊ दे," काका म्हणाले. "पण त्याला कळलं कसं? तिचं हे असं झालंय, ते मी फक्त तुम्हाला बोललो होतो. आमच्या मुलीलासुद्धा पुरतं सांगितलेलं नाही."

आता सांगावं, असं तिच्या मनात आलं. जिभेवर आलं. "बघते मी," एवढंच ती म्हणाली, आणि दुकान तसंच टाकून चौकात गेली.

पडद्यावर काकू होत्या. दोन मजले उंच. विस्कटलेले केस, ओठांच्या कडेला ओघळ, आणि कुठंच न बघणारे डोळे. शेजारी सिमेंटवाला त्यांचा हात धरून. वर अक्षरं: तुम्ही विसरलात, तरी आम्ही विसरणार नाही. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांतली माणसं वर बघत होती. एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगं, या त्या घड्याळवाल्यांच्या ना? बाई बाई, काय झालंय हे!"

थोरली सहाव्या मजल्यावर जाईपर्यंत धापा टाकत होती. बूटसाहेबानं कागद दाखवला: सही आहे मॅडम, सगळं नियमात. तिथून ती धाकटीच्या खोलीत शिरली.

"तो फोटो पडद्यावरून काढ."

"कुठला?"

"नाटक करू नको. काकूंचा. काढ तो."

धाकटीनं समोरचा संगणक स्वतःकडे वळवला. तिनं बहुधा तो फोटो त्याआधी मोठा करून पाहिला नव्हता, आता पाहिला. मग दोन-तीनदा बोट दाबलं.

"निघाला," ती म्हणाली. "सगळ्या चौकांतून."

एवढंच. एवढं सोपं होतं ते, तिच्या हातात होतं म्हणून. बाहेर लगेच आरडाओरडा सुरू झाला. बूटसाहेब आत आला, त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. परत लावा, तो म्हणाला. धाकटी म्हणाली, नाही लावणार. आवाज न चढवता म्हणाली. पाच मिनिटांत तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं गेलं. जॅकेट तिनं स्वतःच खुर्चीवर टाकलं.

दोघी चालत घरी आल्या, कारण गाडी आता नव्हती. वाटेत चौकातल्या पडद्यावर नुसता सिमेंटवाला हसत होता. थोरलीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिच्या मनात आलं ते हे, की चांगुलपणातही हीच पुढं गेली. घाण आपण केली, आणि ती निपटून मोकळी झाली ही. फोटो कुणी उतरवला हे कळल्यावर संध्याकाळी काका मुद्दाम वर जाऊन धाकटीचे आभार मानून आले. जिन्यावरची त्यांची पावलं थोरलीनं खाली बसून मोजली.

"तुम्ही वह्या का दिल्यात, ताई?" धाकटीनं दुसऱ्या दिवशी विचारलं. ती दुकानात येऊन बसली होती. आता तिला जायला कुठं जागा नव्हती.

"तुझ्यावर जळत होते म्हणून."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग घेऊ कशाला दिल्यास? तिथंच म्हणायचंस, ताई, परत न्या."

धाकटी दोऱ्याचं रीळ उगाच उलगडत होती. "मलाही पुढं जायचं होतं ना," ती म्हणाली. "मी तिथं नवी होते. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं."

थोरलीनं मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं धाकटीनं न सांगता काज करायला घेतले, वाकडे-तिकडे.

मतदानाच्या आदल्या दिवशी थोरलीनं वकीलबाईंना सगळं सांगितलं. वकीलबाई झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होत्या. त्यांनी तो ओढून काढला, सरळ केला आणि विचारलं, "काय दिलं त्यांनी तुला?"

"कॉफी."

वकीलबाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "मागच्या गल्लीतली पत्रकं राहिलीत," त्या म्हणाल्या. "ती टाकून ये. रडायचं असेल तर परवा रड."

निकाल लागला. वकीलबाई पडल्या, आणि थोड्याथोडक्यानं नाही. लोक म्हणाले, वह्या नसत्या तरी पडल्याच असत्या. एवढ्या पैशापुढं कोण टिकतं? धाकटीही तसंच म्हणाली. थोरलीला त्या म्हणण्यानं बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. हरल्यावर वकीलबाई पुन्हा कोर्टात जायला लागल्या. रस्त्यात भेटल्या की थांबत, तब्येत विचारत, आणि पुढं जात. ऑफिसात येऊन बस, असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत.

काकांना सांगायचं राहिलं होतं. कोट शिवून तयार झाला, तेव्हा तो घेऊन ती स्वतः त्यांच्या घरी गेली. काकू खिडकीशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले. दिवसा सांभाळणारं केंद्र काही निघालं नव्हतं, आणि काढायला आता कुणी येणारही नव्हतं. थोरलीनं उभ्याउभ्याच सांगितलं: ते माझ्या वहीत होतं, आणि वही मी नेऊन दिली.

काकांना आधी समजलंच नाही. समजलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काकूंकडे पाहिलं, जणू त्यांनी ऐकलं की काय. मग कोट हातात घेतला, अस्तर बघितलं.

"काम चांगलं केलंत," ते म्हणाले. "किती झाले?"

"काका, पैसे नकोत..."

"किती झाले?" त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं आकडा सांगितला. त्यांनी पैसे दिले, आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे एक शिंपी आहे, तिरकी शिलाई मारणारा, सदा दुसऱ्याचं माप तिसऱ्याला लावणारा. काका आता त्याच्याकडे जातात. थोरली मशीनवर बसली की समोर ते दुकान दिसतं. काका हळूहळू दोन पायऱ्या चढतात, स्टुलावर बसतात. शिंपी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांच्याकडे वळतो. काका काहीतरी सांगत असतात, बराच वेळ, हातवारे करून, आणि तो मान हलवत ऐकत असतो. बहुधा काकूंचंच काही असेल.

धाकटी तिच्या शेजारी बसून बटणं लावत असते. ती एकदा म्हणाली, "ताई, कुठं बघताय? सुई बोटात जाईल."

थोरलीनं मान खाली घातली. त्या शिंप्याचा तिला इतका हेवा वाटला, इतका, की धाकटीचा कधी वाटला नव्हता.